राजाचे खांदे

त्या सकाळी बेतायच्या टेबलावर कापड नव्हतं, चहाचे पेले होते. राजवाडा पडून राजा निसटल्याला पाच महिने झाले होते आणि तेव्हापासून माझी तिन्ही पोरं एका खोलीत एका वेळी बसली नव्हती. थोरला राजाचा शिंपी म्हणून तोंड लपवून घरात. धाकटा दंडाला लाल पट्टी बांधून समितीच्या कामात. आणि लेक, जिला घरात लहानथोर सगळे ताईच म्हणतात, ती माळ्यावरच्या खोलीत दार लावून. आज तिघंही समोर होते, कारण आदल्या दिवशी समितीनं पकडलेल्या एका माणसाचं माप थोरल्यानं घेतलं होतं आणि चारचौघांत सांगितलं होतं, हाच राजा.

दुपारी बाराला त्या माणसाला कवायतीच्या मैदानात गोळी घालणार होते.

"बरोब्बर जुळलं," थोरला चौथ्यांदा सांगत होता. "खांदा, छाती, पाठ. खाच न् खाच."

आमच्या घरात माप वहीत लिहीत नाहीत. माझ्या सासऱ्यांना लिहिता येत नव्हतं, आमच्या ह्यांना, आता गेले ते, येत होतं पण कंटाळा. दर गिऱ्हाइकामागे कागदाची एक लांब पट्टी, तिला कात्रीनं मारलेल्या खाचा, आणि अशा शेकडो पट्ट्या भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या. परक्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मला कळतं. मी शाळेत दोन वर्षंच गेले, पण त्या भिंतीवर अख्खं गाव मी उभं-आडवं वाचू शकते. कुणाची पाठ वाकली, कुणाचं पोट सुटलं, कुणाचा एक हात आखूड. आणि घराचा नियम एकच, तो मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासऱ्यांनी सांगितला होता. गिऱ्हाइकाचं अंग उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. नेलंस तर दुकान बंद कर.

"मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले," धाकट्यानं पेला खाली ठेवला, "की या घरावरचा डाग आज पुसला. दादा, तुला ऐकू आलं ना? डाग पुसला, म्हणाले."

मास्तर म्हणजे समितीचा मुख्य. पूर्वी भूगोल शिकवायचा. काडीसारखा माणूस, सदरा अंगात न घालता वाळत टाकलाय असं वाटावं.

"आणि नव्या फौजेचे कोटही आपल्यालाच," थोरली सून म्हणाली. तिच्या गालांवर रंग आला होता. "नऊशे. बेत तोच ठेवायचा, कॉलर तेवढी बदलायची."

"नऊशे," मी म्हणाले. "आकडासुद्धा तोच ठेवला की."

कुणी वर बघितलं नाही. गेल्या हिवाळ्यात राजाच्या गादीला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यानं पहाऱ्याच्या शिपायांना नवे कोट करायला सांगितले, तेही नऊशे. गावात तेव्हा पीठ नव्हतं. लागोपाठ तीन पिकं बुडाली होती आणि जे धान्य होतं ते घोड्यांच्या पागेत जात होतं. आम्ही मात्र दिवसाला बारा-बारा कोट शिवत होतो. खिडकीखाली पावाची रांग, वरती आमची यंत्रं. बटणांची काजं ताईनं केली. बारीक, सारखी, तिच्या हाताची. मग वसंतात ती रांग एक दिवस पांगली नाही, चालत धान्याच्या कोठाराकडे गेली, आणि त्या कोटांतल्या शिपायांनी गोळ्या झाडल्या. आमचा जावई टपाल वाटत होता. पत्रांची पिशवी खांद्यालाच होती, तो पडला तेव्हा. दोन महिन्यांनी राजवाडा पडला तेव्हा लोक पिशवीचंच निशाण करून आत शिरले, असं धाकटा सांगतो.

ताईनं त्यानंतर सुई हातात धरलेली नाही.

"आई," ती म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले, कारण ती बोलतच नसे. "मी काल झोपले."

"हो का गं?"

"सकाळपर्यंत. मध्ये जागच आली नाही."

एवढंच. पण थोरल्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते बाहीला पुसले. त्यानं मला पुढं सांगितलं, त्या क्षणी त्याला वाटलं की आपल्या हातून जन्मात एक तरी चांगलं काम झालं. ते नऊशे कोट त्यानंच बेतले होते ना.

मी त्याच्या पेल्यात चहा ओतत होते. ओतता ओतता विचारलं, "पट्टी कुठली लावलीस?"

"राजाची."

"ती बाबांनी कापलेली?"

"मग आणखी कुठली? एकच तर आहे."

"तो माणूस काय म्हणतो?"

धाकटा हसला. "पाववाला आहे म्हणतो. कुठल्यातरी लांबच्या गावचा, चार दिवसांच्या वाटेवरचा. नाक नाण्यावरच्यासारखं, हात लोण्यासारखे मऊ, आणि म्हणे पाववाला! वर म्हणतो, पीठ द्या, मळून दाखवतो. मास्तर म्हणाले, पीठ असतं तर बाबा रे तुझ्यावर ही वेळच आली नसती."

"पीठ मळणाऱ्याचे हात मऊच असतात," मी म्हणाले. "आणि खांदे रुंद."

"आई, तुला काय म्हणायचंय?" थोरल्यानं विचारलं. पेला त्याच्या ओठांशीच राहिला.

मी उठले, माझ्या खोलीतलं कपाट उघडलं आणि जुन्या पांघरुणांखालून ती बंडी काढून आणली. टेबलावर ठेवली तर ती आपोआप उभी राहिली, आत माणूस असल्यासारखी. पांढरं कापड, आत कापूस. खांद्यांवर चार बोटं जाड, छातीवर तीन, पाठीवर दोन.

"हे काय?" सून म्हणाली.

"हे राजाचे खांदे."

कुणाला कळेना. मग मी सांगितलं. वीस वर्षांपूर्वी ह्यांना वाड्यावर बोलावलं, तेव्हा बायकोला घेऊन या असा निरोप होता. आम्ही आत गेलो, दारं लावली. राजानं अंगरखा काढला. आत कोंबडीच्या छातीचा, मुठीएवढ्या खांद्यांचा एक माणूस होता. मला वाटलं चुकून दुसऱ्याच खोलीत आलो. तो लाजला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, सज्ज्यात उभं राहायचं असतं, लोकांना लांबून दिसायला पाहिजे. बंडी मी शिवायची, कोटाचं माप बंडीवरून ह्यांनी घ्यायचं, आणि तिसऱ्या माणसाला कळायचं नाही. दर दोन वर्षांनी नवी बंडी. मधल्या वर्षी वसंतात कापूस बसायचा म्हणून जुनी भरायला यायची. ही शेवटची. भरून ठेवली आणि न्यायला कुणी आलंच नाही.

"मी दोनदा त्याच्या अंगावर कोट चढवलाय," थोरला म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "या हातांनी. तोंडाकडं बघायची मनाई होती, पण खांदे दाबून बघितलेत."

"मी अशी दाबून शिवायची की बोटाला मांस वाटावं," मी म्हणाले. ते बोलताना मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. असं काम दुसरं कुणी करून दाखवावं.

"म्हणजे पट्टी..."

"पट्टी बंडीची. त्या पट्टीत जो उघड्या अंगानं बसेल तो कुणीही असेल, राजा नसेल."

थोरल्यानं बंडी दोन्ही हातांनी दाबली. बेतणारा माणूस, त्याला सांगावं लागलं नाही. पण त्याला लागलं ते वेगळंच. "बाबांनी मला सांगितलं नाही. वीस वर्षं मी राजाचा शिंपी म्हणून मिरवलो आणि मी राजा बघितलाच नव्हता."

"तुला सांगितलं असतं तर तू सुनेला सांगितलं असतंस."

"आणि मी गावाला, असंच ना सासूबाई?" सून म्हणाली.

"मी बोलले नाही, तू बोललीस."

धाकटा उठून उभा राहिला होता. "ऐका. आई, नीट ऐक. समितीनं पाच महिन्यांत एकदाही 'चुकलो' म्हटलेलं नाही. एकदाही. रस्त्यांची नावं चुकीची रंगवली तरी लोकांनी नवी पाठ केली. आणि तू जाऊन सांगणार की काल सगळ्या गावानं ज्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या तो पाववाला आहे? दादा खोटा साक्षीदार ठरेल. उद्या त्याच मैदानात दादा असेल."

"नाहीतर आज पाववाला."

"आपण त्याला पकडलं नाही!"

"माप आपलं आहे," मी म्हणाले.

मग दोघं भाऊ एक झाले. पाच महिने एकमेकांचं तोंड बघत नव्हते, एकाला दुसरा राजाचा कुत्रा आणि दुसऱ्याला पहिला रस्त्यावरचा पुंड, आणि आता एका बाजूला. थोरला म्हणाला घराचा नियम आहे, गिऱ्हाइकाचं अंग बाहेर काढायचं नाही, तूच शिकवलंस. धाकटा म्हणाला बरोबर आहे दादाचं. ज्याला नियम म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तो मला माझ्या सासऱ्यांचा नियम सांगायला लागला. हसू आलं मला, पण ओठ मिटून ठेवले. कारण ताई उठली होती.

ती बंडीजवळ आली. बोट लावलं नाही. "आई, ही परत कपाटात ठेव."

"ताई..."

"कुणीतरी मेलं पाहिजे. मला नाव नको. कोण ते नको. बारा वाजू देत, मग मी खाली येईन, काजं करीन, तू सांगशील ते करीन."

हे तिनं चहा मागावा इतक्या शांतपणे सांगितलं. मला माझ्या लेकीची भीती वाटली आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. पण घेतलं नाही.

बोलली ती सून. जिच्या तोंडून वीस वर्षांत मला आवडेल असं वाक्य निघालं नव्हतं ती. नऊशे कोटांचा रंग गालांवरून उतरला होता. ती नवऱ्याच्या हातांकडे बघत होती. बंडीवर तसेच राहिलेले हात.

"मी येते तुमच्याबरोबर," ती मला म्हणाली. "कोट जातील तर जातील. हे आज कळलं म्हणून आज जाऊ. हेच उद्या कळलं असतं तर यांचा हात पुन्हा कात्रीवर चालला नसता. मी यांना ओळखते."

"वेडी आहेस का तू?" थोरला म्हणाला.

"चपला घाला," ती म्हणाली.

समिती जुन्या टपाल कचेरीत बसते. साडेनऊला आम्ही निघालो. पुढं धाकटा, कपाळाला आठ्या, पण लाल पट्टीवाला माणूस बरोबर असल्याशिवाय आत सोडत नाहीत हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मग थोरला आणि सून. मी काखेत बंडी घेऊन. आणि कोपऱ्यावर वळताना मागं बघितलं तर वीस पावलांवर ताई. बोलावली नव्हती. ती आली ती मला अडवायला की त्या माणसाला बघायला, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं, असं ती म्हणते.

कचेरीत पत्रांच्या खणांचं मोठं काचेचं कपाट आहे. ताई त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिथंच थांबली. तिसऱ्या रांगेतला खण तिच्या नवऱ्याचा होता.

मास्तर उठून उभे राहिले. वयाला मान द्यायची रीत त्यांनी सोडली नव्हती. "या आजी. काय काम काढलंत?"

मी काम सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शाळेतली सवय, पोराला पूर्ण बोलू द्यायचं आणि मग नापास करायचं.

"बंडी कुणाचीही असू शकते," शेवटी ते म्हणाले. "आणि तुमचं घर राजाचं जुनं घर. काल मुलानं ओळखलं, आज आईला दया आली. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील ते म्हणोत. माणूस आणा."

आणला. रुंद, घाबरलेला, तीन दिवसांची दाढी वाढलेला माणूस. राजवाड्यातून आणलेला निळा कोट खुर्चीवर होता. तो अंगात घातला तर नीट बसला. काल याच्यावरच सगळे भुलले होते. मग मी कोट उतरवला आणि बंडी पुढं केली. त्याचे हात कोपरापर्यंत गेले आणि अडकले. ओढलं तर शिवण कुरकुरली.

"बाई," पाववाला कुजबुजला, "ही लहान पोराची आहे हो."

"गप्प उभा राहा. हात सैल सोड."

मास्तर मान हलवत होते. "यातून एवढंच कळलं की बंडी याची नाही."

"मग तुम्ही घाला," मी म्हणाले.

खोलीत दहाएक माणसं होती. कुणीतरी खोकलं. मास्तरांनी नाही म्हणायला हवं होतं, पण सगळे बघत होते, आणि नाही म्हणावं तर घाबरले असं दिसलं असतं. त्यांनी सदऱ्यावर बंडी चढवली. माझ्या बोटांना काही करावंच लागलं नाही. बारीक माणसासाठी शिवलेली ती, बारीक माणसाला बसली. वरून मी निळा कोट घातला. बटणं लावली, पाठीवर हात फिरवला, खांद्याची शिवण ओढून सरळ केली. सवयच ती.

मास्तर वळले.

दारावरचा पहारेकरी पूर्वी राजवाड्याच्या पहाऱ्यावरच होता. त्याच्या टाचा एकमेकींवर आपटल्या. त्यानं ठरवून केलं नाही, त्याचे पायच तसे शिकलेले. बाकावर बसलेला एकजण उठला आणि का उठलो हे न कळून तसाच उभा राहिला. माझा धाकटा, ज्यानं राजवाड्याचं फाटक तोडलं होतं, तो अर्धं पाऊल मागं सरला. मी बघितलं.

मास्तरांनी काचेच्या कपाटात स्वतःला बघितलं. बराच वेळ बघितलं. डोकं त्यांचंच होतं, पण मान आपोआप वर गेली होती.

"सोडा त्याला," ते म्हणाले. आवाजही थोडा खालून आला. "पाववाल्याला सोडा. मैदानात सांगा की चौकशीत खरं निघालं."

पाववाला मटकन खाली बसला आणि रडायला लागला. सुनेनं त्याला पाणी दिलं. थोरला त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्यानं त्या माणसाच्या सदऱ्याची निखळलेली शिवण बोटानं बघितली आणि म्हणाला, "हा उद्या आणून द्या, मी शिवून देतो." एवढंच जमलं त्याला.

"मग खरा कुठाय?" बाकावरून उठलेल्यानं विचारलं.

"बारीक माणूस आहे," मी म्हणाले. "तुमच्यापुढं पावाच्या रांगेत उभा असेल तरी तुम्हाला कळायचं नाही."

दोघंतिघं हसले. मग आणखी काहीजण. वीस वर्षं ज्या खांद्यांना बघून गाव खाली वाकलं ते कापसाचे निघाले, हसतील नाही तर काय. धाकटाही हसत होता. मास्तर मात्र हसले नाहीत. आणि त्यांनी कोटही काढला नव्हता.

"कोटांचं काम तुमच्याकडंच राहील," ते थोरल्याला म्हणाले. "साक्ष चुकली, पण चूक सुधारली. ही बंडी इथंच असू दे. समितीच्या कपाटात. पुरावा म्हणून."

"पुरावा दाखवून झाला," मी म्हणाले.

"तरी असू दे आजी." हात त्यांनी छातीवर ठेवला होता, बटणांवर. राजा ठेवायचा तसा. कुणी शिकवलं नव्हतं. त्या कोटात हात तिथंच जातो.

मी बोलायला तोंड उघडलं, पण बोलली ताई. कपाटाकडे पाठ करून ती उभी होती आणि माझ्याकडे बघत होती, दुसऱ्या कुणाकडे नाही.

"तुला वीस वर्षं माहीत होतं."

"हो."

"हे आत्ता हसले तसे तेव्हा हसले असते ना?"

मी पदर सारखा केला.

"शिपाई हसले असते. मग गोळी घाल म्हटल्यावर घातली असती का त्यांनी? आई, मी विचारतेय."

जन्मभर माझ्या जिभेला कुणी हरवलेलं नाही. सासूनं नाही, सुनेनं नाही, ह्यांनी तर नाहीच. त्या कचेरीत मी माझ्या लेकीसमोर उभी राहिले आणि माझ्याकडे एक शब्द नव्हता. घराचा नियम सांगता आला असता. तो मी तासाभरापूर्वी एका परक्या पाववाल्यासाठी मोडला होता. तिच्या नवऱ्यासाठी मोडायचं मला सुचलंच नव्हतं, आणि माझं काम किती चोख याचा मनातल्या मनात अभिमान मात्र दर दोन वर्षांनी वाटत होता.

मी मास्तरांकडे गेले. त्यांच्या कोटाची बटणं सोडवली, वरून खाली, एकेक. त्यांनी हात हलवला नाही. कोट काढला, बंडी काढली. आतून भूगोलाचा मास्तर निघाला, सदरा वाळत घातलेला. टेबलावरचे कागद बाजूला सारून मी बंडी पसरली आणि कमरेची लहान कात्री घेतली.

"आजी, मी म्हटलं ना असू दे," मास्तर म्हणाले.

"ऐकलं मी."

उजव्या खांद्यापासून सुरुवात केली. माझे टाके बारीक, आणि ही मी दुहेरी शिवलेली. एका हातानं कापड धरून दुसऱ्यानं उसवायला गेले तर कात्री घसरायला लागली. उसवताना दुसऱ्यानं कापड ताणून धरावं लागतं, नाहीतर शिवण सुटत नाही, कापड फाटतं.

थोरला पुढं आला, पण ताई त्याच्या आधी पोचली. तिनं बंडीचं दुसरं टोक धरलं आणि ताणलं. माझ्याकडे बघितलं नाही, टाक्यांकडे बघितलं.

"इथून," ती म्हणाली. "इथं सैल आहे."